खटक्याच्या दांडीला नारळ

खंडेनवमीच्या दिवशी मी आमच्या गाडीच्या लिफ्टची पूजा केली आणि नारळ नेमका तिच्या खटक्याच्या दांडीला बांधला.

एवढंच. हे वाचून ज्याला काही उलगडलं नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. बांधताना मलाही काही उलगडलं नव्हतं.

लिफ्ट म्हटलं की लोकांना माणसं वर नेणारी पेटी आठवते. आमची ती नव्हे. गाड्यांच्या गॅरेजात असतात तसे दोन लोखंडी खांब, त्यांना आडवे हात, हातांवर गाडी. बटण दाबलं की तेलाच्या दाबाने हात वर सरकतात आणि गाडी पुरुषभर उंच जाऊन बसते. खाली दुसरी गाडी लावता येते. असली वस्तू घरात कोण ठेवतो? मी ठेवली. कारण लातुरात तेव्हा शिकवण्यांचा सुगीचा काळ होता. बिलोलीपासून जळकोटापर्यंतची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला आमच्या गल्लीत येऊन पडत होती, आणि ज्याच्याकडे म्हणून हातभर जागा होती तो तिच्यावर खोली बांधून भाड्याने देत होता. मीही बांधल्या. कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान, घराच्या वर पोरींच्या खोल्या. हावरेपणाने इतक्या बांधल्या, की शेवटी घराच्या बाजूला एक अरुंद पत्र्याचं शेड उरलं. त्यात एकच गाडी मावायची आणि माझ्याकडे होत्या दोन. एक रोजची, आणि एक जुनी जीप, जी चालत नव्हती पण विकवतही नव्हती.

नांदेडला एक गॅरेज बंद होत होतं. तिथल्या मालकाकडून, चाचांकडून, मी ही लिफ्ट उचलली. टेम्पोत चढवताना चाचांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "भाई, एक बात याद रखना. उपर जाते वक्त दोनो खंबे से आवाज आना. खट् खट्. एक से आया, दूसरे से नहीं आया, तो भागना."

"और एक से भी नहीं आया तो?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना सौदा मोडावासा वाटतोय की काय असं मला वाटलं. "तो फिर भागके भी क्या फायदा," ते म्हणाले.

हा आवाज खटक्याचा. खांबाच्या आत दातेरी पट्टी असते. गाडी वर चढताना खटका एकेक दात ओलांडत वाजत जातो. हवी तेवढी उंची गाठली की गाडी बोटभर खाली सोडायची, म्हणजे खटका दातात रुततो आणि सगळं वजन लोखंडावर टेकतं. मग तेल गळो नाहीतर नळी फुटो, गाडी जागची हलत नाही. खाली आणायची असेल तेव्हा एक दांडी खाली ओढून धरायची, म्हणजे दोन्ही खांबांचे खटके बाजूला होतात. ही दांडी खांबातून वीतभर बाहेर आलेली असते. दिसायला थेट खुंटी.

आता आईचं सांगायला पाहिजे, कारण माझी सगळी भीती तिच्यापाशी आहे.

भूकंपाच्या वर्षी आई-वडील गावाकडे होते, मी नांदेडला. गणपती बोळवून लोक झोपले होते. आमचं घर दगडामातीचं, वर हातभर मातीचं माळवद. आई अंगणात बाजेवर होती, वडील आत होते. याच्यापुढचं आमच्या घरात कोणी बोलत नाही, मीही लिहीत नाही. त्यानंतर आई स्लॅबखाली झोपली नाही. मी लातुरात घर बांधलं, पिलर मोजून दाखवले, इंजिनिअरला तिच्यापुढे उभं केलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं तू झोप." आणि तिने बाज टाकली पत्र्याच्या शेडात. पत्रा पडला तर कपाळ फुटेल, माणूस मरणार नाही, हा तिचा हिशेब. उशाशी ती एक पितळी तांब्या उलटा ठेवायची, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन जरा हलली की वाटी पडून वाजते. गावाकडच्या कितीतरी बायका तेव्हा असं करायच्या. आईने ते कधीच सोडलं नाही. जमीन आमच्याकडे मधूनच गुरगुरते, कधी बोअर मारणाऱ्याची गाडी जाते, कधी मांजर येतं. वाटी पडली की आई उठून उभी.

त्याच शेडात मी लिफ्ट आणली. तिच्या बाजेपासून चार पावलांवर, डोक्यापेक्षा उंच टांगलेली जीप.

"हे कामून आनलं रे?" आई म्हणाली. "भूकंप आला मंजे ही जीप माझ्या छातीवर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणारा माणूस झेरॉक्सचं दुकान टाकत नाही. मी जीपच्या खाली खुर्ची मांडली, चहा मागवला आणि मांडी घालून प्यालो. म्हटलं, "माय, हे खांब जमिनीत बोल्टांनी आवळलेत. भूकंप आला तर तूच पळत ये आन् ह्याच्याखाली उभी राहा. अख्ख्या लातुरात याच्याइतकी पक्की जागा न्हाई."

तिने जवळचा खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. म्हणाली, "हाव?"

"हाव."

मुलाने दिलेला शब्द तिने पितळी तांब्यासारखा उशाशी ठेवला. मी चहाचा कप घेऊन निघून गेलो.

शब्द देऊन बसल्यावर मात्र मला झोप येईना. म्हणून मी दर महिन्याला लिफ्टची देखभाल करायला लागलो, आणि ती इतक्या मनापासून, की बायको म्हणायची एवढी माझी कधी केली नाही. जीप खाली उतरवायची. खांबांच्या खाचांतलं जुनं, मातीने काळं झालेलं ग्रीस फडक्याने काढायचं, नवं लावायचं. तारेच्या दोरावरून सुती कापड फिरवायचं, एखादा तंतू तुटला असेल तर कापड तिथे अडकतं. जमिनीतले बोल्ट पान्याने तपासायचे. तेलाची टाकी बघायची. खटक्यांना जरासं पातळ तेल द्यायचं आणि मग जीप वर चढवून कान लावायचे. दोन्ही खांबांतून खट् खट् आलं की माझा जीव खाली यायचा. दर वेळी मला वाटायचं, आज येणार नाही. दर वेळी यायचं. माणूस अशानेच बिघडतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. विळा, कोयता, शिवणयंत्र, दुकानात झेरॉक्सचं यंत्र. आणि एक नियम असतो: पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याला त्याला काम. हा नियम आमच्या घरात आई चालवायची, आणि आईचे नियम मोडणं आमच्यात फारसं कोणाला जमलेलं नाही.

त्या सकाळी मी रोजची गाडी बाहेर गल्लीत लावली आणि लिफ्ट घासूनपुसून लखलखीत केली. देखभाल पूर्ण. ग्रीस, दोर, बोल्ट, तेल, सगळं झालं. नुसती ती चढवून कान लावायचं राहिलं होतं. तेवढ्यात बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, वरच्या खोल्यांतल्या पोरी आल्या, आई आली. मी खांबांना गंध लावलं. झेंडूचा जाडजूड हार आणि लाल फडक्यात बांधलेला नारळ टांगायला जागा शोधली. दांडी समोर होती. खुंटीसारखी, हाताच्या उंचीवर, जणू याचसाठी ठेवलेली. हार तिथे अडकवला, नारळ तिथे लोंबवला, आणि झुलू नये म्हणून लाल नाडा खालच्या बोल्टाला ताणून चांगल्या दोन गाठी मारल्या. दांडी खाली झुकली. मी ते पाहिलं. मला वाटलं, नमस्कार केल्यासारखी दिसते.

मग माझ्या डोक्यात नाट्य शिरलं. म्हटलं, आरती सुरू झाली की बटण दाबतो, जीप देवासारखी वर चढेल.

तशी ती चढली. पोरी टाळ्या वाजवत होत्या, बायको घंटा हलवत होती, आई सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत होती. जीप हळूहळू वर गेली. पोरी म्हणाल्या, "काका, भारी!" मी मान डोलावली. आरती संपली, सगळे प्रसाद घ्यायला वळले आणि बायकोने सहज विचारलं, "अहो, आज ते खट्खट् वाजलं का?"

"वाजलं ना," मी म्हणालो. "तुमच्या घंटेत ऐकू आलं नसंल."

तोंडातून गेलं खरं. मी ऐकलं नव्हतं. शिवाय बोटभर खाली सोडून वजन दातावर टेकवायचंही राहिलं होतं. मी बटणाकडे हात नेला.

"हात लावू नगंस," आई म्हणाली. "पूजा झाली आता. उद्या."

"माय, जरासं खाली घेतो, बोटभर."

"चढवलेला देव कुणी बोटभर खाली घेतंय का? चल जेवायला."

तेव्हा सांगता आलं असतं. पण काय सांगणार? की लातुरातली सगळ्यात पक्की जागा आज पक्की आहे की नाही मला माहीत नाही? मी जेवायला गेलो. ताटात पुरणपोळी होती, मला ती पुठ्ठ्यासारखी लागली. घंटेमुळे ऐकू आलं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो, आणि माझा कान मलाच म्हणत होता, आवाज नव्हताच.

जेवून मी शेडात डोकावलो. आई बाजेवर आडवी झाली होती. शेडाच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याच्या बरोबर वर जीपचा सायलेन्सर असायचा. रोज दिसून दिसून माझ्या डोळ्याला ते पाठ झालं होतं. आता सायलेन्सर खिळ्याच्या खाली होता. वीतभर असेल, कदाचित जास्त.

मी म्हटलं, भास. भीतीने असं दिसतं. मग डोळे चोळून पाहिलं. भास तसाच होता.

"माय," मी म्हणालो, "आज घरात झोप ना. इथं लई उकडून राहिलंय."

"स्लॅबखाली?"

"मग झाडाखाली बाज टाकून देतो."

"मुंग्या हायत तिथं. काय झालंय तुला? चेहरा कामून असा केलाय?"

"न्हाई, काही न्हाई."

मी ठरवलं, तिचा डोळा लागला की नियम मोडायचा. दारातच उंबऱ्यावर बसलो. उन्हाने पत्रा कडकड वाजत होता आणि प्रत्येक कडकडीला मला घाम सुटत होता. वरती पोरी मोठ्याने पाठ करत होत्या, हृदयाला किती झडपा असतात ते. माझ्या हृदयाच्या सगळ्या एकदम वाजत होत्या.

आणि जमीन गुरगुरली.

मोठं काही नव्हतं. पोटातून आल्यासारखा एक धुम्म आवाज, आणि पायाखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं. नंतर कोणी म्हणालं खदानीतला सुरुंग, कोणी म्हणालं धक्का. आईची वाटी पेल्यावरून पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिली. वरच्या पोरी किंचाळत जिन्यावरून खाली आल्या.

आई बाजेवरून उठली. त्या वयात मी तिला तशी उठताना कधी पाहिलं नव्हतं. सरळ चार पावलं टाकली आणि जीपखाली जाऊन उभी राहिली. एवढंच नाही, दोन्ही हात पसरून ओरडली, "या गं पोरींनो! इकडं या! ह्याच्याखाली! माझ्या लेकानं सांगितलंय, लातुरात याच्यासारखी जागा न्हाई!"

पोरी गेल्या. आजी सांगते म्हटल्यावर का जाणार नाहीत? माझ्या आईला मिठी मारून सगळ्या जीपखाली उभ्या राहिल्या. आणि तेव्हा मला हार दिसला. हाराखालची दांडी दिसली, नाड्याने खाली ताणलेली. सकाळपासून दोन्ही खटके मीच उघडे बांधून ठेवले होते. जीप नुसत्या तेलावर लटकत होती, आणि तेल जुन्या नळीत होतं, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर जीपचं पोट सकाळपेक्षा कितीतरी जवळ आलं होतं.

माणसाला संकटात काय सुचेल सांगता येत नाही. मला हे सुचलं, की मी धावत जीपखाली शिरलो आणि दोन्ही हातांनी जीप वर धरली. अख्खी जीप. मी, ज्याला झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा उचलताना कंबरेत उसण भरते.

"वर हात कामून केलेस?" आई म्हणाली. "शाळंत शिक्षा झाल्यावानी?"

"माय, बाहेर जा."

"बाहेर जमीन हालून राहिली."

"माय, पाया पडतो. पोरींनो, बाहेर व्हा."

"कुठं जायचं न्हाई गं," आईने त्यांना आणखी जवळ घेतलं. "हा भेला हाय. लहानपनापासून असाच हाय."

एक पोरगी रडायला लागली. तिचं पाहून दुसरी. मला तळहातांना गाडीचं लोखंड थंड लागत होतं आणि ते हलतंय की माझे हात थरथरतायत, कळत नव्हतं. दांडी चार हातांवर होती. जाऊन हार ओढून काढावा, तर एकीकडचा खटका लागला आणि दुसरीकडचा नाही लागला तर? जीप तिरकी होऊन त्यांच्यावरच येणार. आधी त्यांना बाहेर काढायला हवं होतं. गाडी पडतेय म्हणून ओरडलो तर? आईने असं एक घर पडताना पाहिलं होतं. ती तिथेच खिळली असती. आणि माझ्यावर तिचा विश्वास होता, तिला तिथून हलवणार तरी कोण? मी दिलेला शब्द माझ्यापेक्षा जड झाला होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुठलासा ट्रक गिअर बदलत घरघरला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "टँकर! टँकर आला!"

लातूरबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. त्या वर्षी नळाला पाणी कधी येईल हे देवाला माहीत नव्हतं. गल्लीत टँकर आला की अंत्ययात्रासुद्धा थांबायची. जमिनीने काय गुरगुरायचं ते गुरगुरावं, टँकर कोणासाठी थांबत नव्हता.

पोरींचं रडणं मधेच तुटलं. "बकेट!" एकीने आरोळी ठोकली आणि सगळ्या सुटल्या. बायको घरातून घागर घेऊन धावली. आणि माझी आई, भूकंपाच्या भीतीने इतकी वर्षं पत्र्याखाली झोपलेली माझी आई, कोपऱ्यातली बादली उचलून त्या पोरींच्या पुढे निघाली. "सरका गं, मला गुडघेदुखी हाय!" म्हणत.

जीपखाली मी एकटा उरलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता हात वर धरून उभं राहायचं काही कारण नाही.

मी बाहेर उडी मारली, दांडीला भिडलो. गाठी सुटेनात. सकाळी मीच मारल्या होत्या, भक्तिभावाने. बोटं ग्रीसने बुळबुळीत. शेवटी गुडघे टेकले आणि नाडा दातात धरून ओढला. कुंकू, ग्रीस, झेंडू, सगळ्याची चव घेतली. नाडा तुटला. हार गळला, नारळ फरशीवर पडून फुटला, दांडी टणकन वर गेली.

जवळच्या खांबातून आवाज आला. खट्.

दुसऱ्या खांबातून काहीच नाही.

मला चाचा आठवले. भागना. पण पाय फरशीला चिकटले होते. जीप कुरकुरली, माझ्या बाजूला थांबली, पलीकडच्या बाजूने तसूतसू खाली येत राहिली. मी नुसता बघत होतो. मला दिसत होती ती जीपखालची रिकामी जागा, जिथे आत्ता आई हात पसरून उभी होती.

खट्.

दुसरा लागला. जीप किंचित हादरली आणि थांबली. मी तिथेच फरशीवर बसलो.

थोड्या वेळाने सगळे परत आले. रिकाम्या बादल्या आपटत. ट्रक खताचा होता. आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"टँकर कुठाय?"

"न्हाई आला, माय."

मग मी सांगितलं. दांडी काय असते, नारळ कुठे बांधला, खट्खट् मी ऐकलंच नव्हतं, बायकोशी खोटं बोललो, सगळं. आईने जीपकडे पाहिलं. सायलेन्सर खिळ्याच्या किती खाली आलाय ते तिलाही दिसलं. तिने बादली हळूच खाली ठेवली. मी तिचा हात धरायला गेलो, तिने धरू दिला नाही.

मग ती वाकली. फरशीवरची नारळाची दोन भकलं उचलली, पदराने पुसली. एकात थोडं पाणी राहिलं होतं, ते तिने रडलेल्या पोरीला पाजलं आणि म्हणाली, "पी गं. नारळात पानी तरी असतंय. ह्याच्या डोक्यात तेबी न्हाई."